कापश्याची चतुर्थी

सशाच्या आजारपणावर काय लिहायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढचं वाचू नये. मला आता त्यांच्याशी वाद घालायचा कंटाळा आला आहे. इथं माणसांना दवाखाना मिळेना आणि तुम्ही सशाचं काय घेऊन बसलात, हे मी शाळेत ऐकलं, बाजारात ऐकलं आणि सख्ख्या भावाच्या तोंडूनही ऐकलं. बरोबर आहे त्यांचं. तरी मी लिहिणार आहे.

आमच्या घरी एक ससा होता. तो दोन महिने आजारी होता आणि मग गेला. एवढीच हकिगत. पण त्या दोन महिन्यांत मी जेवढी चिडले तेवढी वीस वर्षांच्या नोकरीत, साठ-साठ पोरांच्या वर्गातसुद्धा चिडले नसेन. नवऱ्यावर चिडले, सासूबाईंवर चिडले, गाडीतल्या टीसीवर चिडले, कॉलनीतल्या झाडून सगळ्या बायांवर चिडले. स्वतःवर चिडायला मात्र फार उशीर केला. ज्यांच्या घरी ससा आहे आणि एखादं म्हातारं माणूसही आहे, त्यांनी तेवढा उशीर करू नये म्हणून हे लिहिते आहे.

आठ दिवसांचा पाहुणा

आम्ही पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. हे रेल्वेत फिटर, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. दोन्ही मुलं शिकायला बाहेरगावी. मामंजी गेल्यावर सासूबाई वालूरचं घर बंद करून आमच्याकडे आल्या होत्या, आणि शेतातल्या बाईला दोन खोल्यांत कोंडल्यावर जे होतं ते त्यांचं झालं होतं. दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना नावं ठेवायच्या.

पलीकडच्या क्वार्टरमधल्या एका आंध्राकडच्या ड्रायव्हरची बदली झाली. तिकडं घर लागेपर्यंत आठ दिवस सांभाळा म्हणून त्यानं एक पांढरा ससा ह्यांच्या हातात दिला. मला विचारायची पद्धत आमच्याकडे नव्हतीच. आठ दिवसांची दोन वर्षं झाली. ड्रायव्हरचं पत्र नाही, काही नाही.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी त्याला पाहून नाक मुरडलं. "ह्ये काय खायाला आणलंय?" म्हणाल्या. चौथ्या दिवशी तो त्यांच्या लुगड्याच्या घोळात झोपलेला होता. कापसाच्या बोंडासारखा दिसतो म्हणून त्यांनीच त्याचं नाव कापश्या ठेवलं. त्यानंतर माझ्या घरातली चांगली पोळी, बिस्किटं, शेंगदाणे, दुधात भिजवलेला पाव, सगळं कापश्याच्या वाडग्यात जाऊ लागलं. गवत? गवत ढोरं खातात, असं सासूबाईंचं म्हणणं. आपल्या घरचं लेकरू गवत कामून खाईल?

उपास

सासूबाई संकष्टी कडक धरायच्या. एका संकष्टीला त्या दूर्वा निवडत बसल्या असताना कापश्या शेजारी बसून राहिला. त्या दिवशी त्यानं वाडग्याला तोंड लावलं नाही. रात्री चंद्र उगवला, ह्यांनी ताटं घेतली आणि कापश्यानं सासूबाईंच्या हातचा मोदकाचा तुकडा खाल्ला. झालं. "चंद्रावरचा ससा हाय त्यो! चंद्र बघितल्याबिगर खाईल व्हय?" असं म्हणून सासूबाईंनी दोन्ही हातांनी त्याची अलाबला घेतली.

पुढच्या संकष्टीला सकाळीच त्यांनी त्याचा वाडगा उचलून फडताळात ठेवला. कापश्या दिवसभर घरभर हुंगत फिरला आणि संध्याकाळी दमून देव्हाऱ्यासमोर बसला. समोर गणपतीवर एकवीस दूर्वांची जुडी. ती त्याच्या तोंडात जाऊ नये म्हणून सासूबाईंनी देव उंच फळीवर ठेवले होते.

शेजारच्या लोखंडेबाईंनी हे पाहिलं आणि कॉलनीभर केलं. मग दर संकष्टीला आमच्या ओट्यावर बाया जमू लागल्या. ससा चतुर्थी धरतो म्हणून बघायला. कुणी नारळ आणायची, कुणी गूळ-खोबरं. चंद्रोदय झाला की सगळ्यांच्या साक्षीनं कापश्याचा उपास सुटायचा. दुसऱ्या दिवशी तो सुस्त पडायचा. उपासाचा शीण आला म्हणून सासूबाई त्याला आणखी गूळ भरवायच्या.

मी त्यावर काय केलं? कुरकुर केली. "आत्याबाई, मुक्या जीवाला कशाला?" असं एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. मग गप्प बसले. खरं सांगायचं तर शाळेत मधल्या सुट्टीत मीच इतर शिक्षिकांना रंगवून सांगत होते, आमचा ससा चतुर्थी धरतो म्हणून. ओट्यावर पाच-पन्नास माणसं आली की बरं वाटायचं. सासूबाईही हसायच्या. वालूर सोडल्यापासून त्या तेवढ्या एका दिवशीच हसायच्या.

बसला तो बसलाच

मार्गशीर्षातली संकष्टी शनिवारी होती. रविवारी सकाळी कापश्या कोपऱ्यात पाठ वर काढून बसला. पोळी दिली, नाही. बिस्किट दिलं, नाही. शेंगदाणा नाकाशी धरला तर त्यानं मान फिरवली. दात करकर वाजवत होता. त्याच्या कोपऱ्यात रोज सकाळी मी केरसुणीनं लेंड्या झाडायचे, त्या दिवशी एकही लेंडी नव्हती. मला तेवढ्यावरून कळायला हवं होतं.

मग सल्ले सुरू झाले. लोखंडेबाई म्हणाल्या, नजर लागली. त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. समोरच्या गार्डच्या बायकोनं ओव्याचं पाणी आणलं. ह्यांचा एक दोस्त आला आणि म्हणाला, "वयनी, ह्याला आता ठिवून काय उपेग? आणा इकडं, मी करतो बरोबर." त्याला मी चहा न देता वाटेला लावला. सासूबाई दिवसभर त्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "काय झालं रं माज्या राजा?" एवढंच.

"सोमवारी परभणीला न्यायचा," मी ह्यांना म्हटलं.

"सशाला? परभणीला? लोक हासतील ना."

"हसू द्या. मी एकटी जाते."

मग आले बरोबर. मला एकटीला पाठवलं असतं तर सासूबाईंनी त्यांना घरात राहू दिलं नसतं.

परभणीचा दिवस

भाजीच्या दुरडीत जुनं पातळ अंथरलं, त्यात कापश्या, वर दुसरी दुरडी, वरून सुतळी. गाडीत टीसी आला.

"ह्यात काय हाय?"

"ससा," हे म्हणाले.

"जिता का शिजवलेला?"

मी असं काही बघितलं की तो पुढच्या बाकाकडे गेला.

जनावरांच्या दवाखान्यात आमच्या पुढे दोन बैल, एक म्हैस, एक शेळी. तिथं बाकावर बसलेल्या माणसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून जोरात वाद चालला होता. हा म्हणे व्हायलाच पाहिजे, तो म्हणे होऊ देणार नाही. दोघंही हातघाईवर आले होते. आमची दुरडी उघडल्यावर दोघंही वाद थांबवून पुढे वाकले आणि एकदमच विचारलं, "कापायचा हाय का?" नामांतरावर त्यांची दोन मतं होती, सशावर एकच होतं.

नोंदवहीवाल्यानं जनावर कोणतं, वय किती, हे विचारून झाल्यावर विचारलं, "उपयोग?" म्हणजे दूध, शेतीकाम असं काही. हे गोंधळले. मग म्हणाले, "लिहा, देवधर्म." त्यानं मान वर न करता तसं लिहिलं.

डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "खरं सांगतो, मी सशावर इलाज फार केलेला नाही. शिकलोय, पण येतात कुठं ससे?" हे ऐकून मला उलट धीर आला. येतं येतं म्हणणाऱ्यांनी आदल्या दिवशी भरपूर इलाज केले होते. त्यांनी कापश्याचं पोट हळूहळू दाबून पाहिलं, कान लावून ऐकलं, तोंड उघडून आतल्या दाढा पाहिल्या. मग विचारलं, "खायला काय देता?"

पोळी, पाव, बिस्किट, गूळ. मी एकेक नाव घेत होते तसा त्यांचा चेहरा पडत होता.

"आणि उपाशी राहतो का कधी?"

ह्यांनी छाती पुढे काढली. "महिन्यातून एकदा. संकष्टीला. लय कडक हाय त्याचं. चंद्र बघितल्याबिगर पाणी सुदिक न्हाई."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. आधी त्यांना वाटलं आम्ही थट्टा करतोय. मग माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की थट्टा नाही. त्यांनी आवाज चढवला नाही, पण अजून तो आवाज माझ्या कानात आहे. "बाई, सशाचं पोट सारखं चालू असावं लागतं. ते एक दिवस रिकामं ठेवलं की आतडं थांबतं. तुम्ही दर महिन्याला थांबवलंत, वर गूळ घातलात. ह्या खेपेला ते चालू व्हायला तयार नाही."

"मग आता?"

"ह्या खेपेला वाचवू कदाचित. आतडं कायमचं कमजोर झालंय. सांभाळावं लागेल, जन्मभर. आणि पुन्हा एकदा जरी उपास घडला तरी मी काही करू शकणार नाही." मग म्हणाले, "गवत द्या. ओलं, वाळलं, लसूणघास, कडब्याचा पाला. सगळ्यात बरी हराळी. ती तर तुमच्याकडे कुठंही मिळेल."

हराळी म्हणजे दूर्वा. महिन्याच्या महिन्याला तिची जुडी फळीवर ठेवून आम्ही त्याला खाली उपाशी बसवत होतो. मला तिथंच, त्या म्हशीच्या शेजारी, रडू आलं. रडूही आलं आणि इतका राग आला की दुरडी ह्यांच्या डोक्यात घालावी वाटली.

परतीच्या गाडीत

कापश्याच्या कातडीखाली सलाईन दिलं होतं, त्याची पाठ एका बाजूला टेंगळासारखी फुगली होती. एक बाटलीभर औषध होतं, सात-आठ आठवडे पुरेल एवढं.

"मी आज आत्याबाईंना सगळं सांगणार," मी म्हटलं.

"अगं, नको. मायचं वय बघ. तिला वाटंल आपल्या हातानं झालं. सोसायचं न्हाई तिला."

"झालंच आहे त्यांच्या हातानं. आणि आपल्यासुद्धा."

"मग? सांगून काय व्हनार? औषध चालू हाय तवर उपास चालत न्हाई म्हण की. बिमार माणसाला सुट असतीच. तिला पटंल."

मी दमले होते. दुरडी मांडीवर होती. मी म्हटलं, बरं. त्या "बरं"चा मला आजही संताप येतो. ह्यांच्यावर तो ढकलायची सोय नाही, कारण घरी गेल्यावर तोंड उघडलं ते मी. "आत्याबाई, डॉक्टरांनी सांगितलंय, औषध आहे तोवर उपास करायचा नाही."

"न्हाई न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "औषिध घेणाऱ्यानं उपास धरू ने. देव बी मानतो."

किती सोपं झालं, असं मला वाटलं.

पिचकारी

पुढचे तीन दिवस दर दोन तासांनी लसूणघास वाटून, गाळून, पिचकारीनं त्याच्या तोंडात घालायचा. ज्यांना हे करावं लागेल त्यांना सांगते, समोरून घालू नका, गालाच्या बाजूनं घाला, आणि जुनी साडी नेसा. अर्धा घास सशाच्या पोटात, अर्धा तुमच्या अंगावर. मग पोट चोळायचं. मग कोपऱ्यात बघायचं, काही पडलं का.

मी रजेचा अर्ज केला. हेडमास्तरांनी विचारलं, घरी कोण आजारी आहे? खोटं कशाला बोलू म्हणून सांगितलं. त्यांनी अर्ज परत दिला आणि म्हणाले, "सासूबाई लिहा." मी सासूबाई लिहिलं. ज्या बाईच्या नावावर मी रजा काढली, ती बाई घरी माझ्यापेक्षा चांगली पिचकारी देत होती. त्यांच्या हातून थेंब सांडत नसे.

गुरुवारी सकाळी हे मोरीजवळून ओरडले, "टाकल्या! टाकल्या!" सात लेंड्या होत्या, वाटाण्यापेक्षाही लहान. मी वर्गाचे कितीतरी निकाल पाहिलेत, पण तसा आनंद कधी झाला नव्हता. लोखंडेबाई धावत आल्या, काय टाकलं म्हणून. दाखवल्यावर तोंडाला पदर लावून गेल्या.

तो सुधारला. हराळी खाऊ लागला. रुळाच्या कडेनं हराळी उपटून आणायचं काम सासूबाईंनी घेतलं. "ढोराचं खानं खातंय गं ह्ये," असं म्हणायच्या, पण आणायच्या. पौषातल्या संकष्टीला बाया आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना ओट्यावरून परत पाठवलं. "बिमार हाय. सुट हाय त्याला." स्वतः मात्र त्यांनी कापश्याच्या वाटणीचाही उपास केला, पाण्याचा थेंब न घेता. दुसऱ्या दिवशी त्यांना चक्कर आली. आता घरात दोन आजारी आणि दोघंही माझं ऐकेनात. मी ह्यांच्यावर ओरडले, हे माझ्यावर ओरडले, जेवण तसंच राहिलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "कापश्याला पिचकारी द्या रे आधी, मग भांडा."

अंगारकी

माघातली संकष्टी मंगळवारी आली. आदल्या रविवारी औषध संपलं. सासूबाईंनी बाटली धुतली आणि कट्ट्यावर पालथी घातली. मला म्हणाल्या, "सरलं बग औषिध." मी वह्या तपासत होते. "हं," म्हटलं.

मंगळवारी शाळेतून आले तर ओटा बायांनी भरलेला. अंगारकी, त्यात दोन महिन्यांनी सशाचा उपास परत सुरू झालेला. आमच्या दारात चपलांचा ढीग. आत देव्हाऱ्यासमोर कापश्या बसला होता, पाठ वर, डोळे मिटलेले. "बघा बाई कसं ध्यान लावलंय," कुणीतरी म्हणालं.

मी त्याला उचललं. पोट दगडासारखं लागलं. दात करकर वाजत होते.

"आगं आगं, चंद्र उगवायचाय आजून!" सासूबाई म्हणाल्या.

"घरी जा," मी बायांना म्हटलं. "सगळ्याजणी घरी जा." कुणी हलेना तेव्हा मी ओरडले. मी बाहेरच्या लोकांवर ओरडले अशी ती पहिलीच वेळ. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. चारचौघांत सुनेनं त्यांचा अपमान केला होता आणि का केला ते त्यांना ठाऊक नव्हतं.

बुधवारी पहिल्या गाडीनं परभणी. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि फक्त "कधी?" एवढं विचारलं. मी सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. सलाईन दिलं, सुई दिली. मी इथंच ठेवा म्हटलं तर म्हणाले, "घरी न्या. इथं बैलांच्या आवाजानं भिईल. अंग गरम ठेवा."

गुरुवारी दुपारी मी पिचकारी भरत होते. कापश्या सासूबाईंच्या मांडीवर होता. त्यानं दोनदा मागचे पाय ताणले. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे पिचकारी, विमल." मी तरीही भरली. मला ती खाली ठेवता येईना.

ह्यांनी क्वार्टरच्या मागं बाभळीखाली खड्डा केला. जमीन कडक होती, कुदळ उडत होती. सासूबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याचं कापड काढून दिलं. फार वाईट वाटलं मला. ससा गेल्याचं वाईट वाटलं, लपवायची काही गरज नाही. अजून वाटतं.

विचारलं तेव्हा

आठेक दिवस सासूबाई माझ्याशी कामापुरतं बोलल्या. रविवारी दुपारी आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो.

"विमल, एक इचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"ते उपासानं गेलं का?"

बाहेरच्या खोलीतून हे घाईघाईनं म्हणाले, "न्हाई माय. वयच झालतं त्याचं."

"तुला न्हाई इचारलं," सासूबाई म्हणाल्या.

माझ्या हातात शेंग तशीच राहिली. "हो, आत्याबाई. उपासानंच गेला. आधी आजारी पडला तोही उपासानंच. डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. औषधाचं मी खोटं बोलले."

त्या सोलत राहिल्या. दाणे वाटीत पडत होते.

"तू म्हनलीस औषिध हाय तवर उपास न्हाई. औषिध सरलं. म्या तुला बाटली दावली."

"हो."

"मग कामून न्हाई सांगितलं?"

"तुम्हाला सोसणार नाही असं वाटलं."

त्यांनी मान वर केली. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. "दोन लेकरं गेलीत माजी वालूरला. धाकटं गेलं तवा सासूनं तोंडावर सांगितलं, तुज्या दुधानं गेलं म्हून. खरं का खोटं देव जाणे. सोसलंच की म्या. सशाचं सोसलं नसतं व्हय?" आणि मग, पुन्हा शेंगांकडे बघत, हळू आवाजात म्हणाल्या, "सांगितलं असतंस तर जितं ऱ्हातं गं ते."

हे बाहेरच्या खोलीत पेपर पुढे धरून बसले होते, पान उलटत नव्हते.

फाल्गुनातली संकष्टी

पुढच्या संकष्टीला मी मनात म्हटलं, आता बाया येणार नाहीत. आल्या. मागच्या वेळी मी हाकललं होतं, तरी आल्या. ससा गेला हे त्यांना कळलेलं होतं, हळहळ करायला आल्या होत्या. मी आत चहा ठेवत होते. आतच राहायचा माझा विचार होता.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. लोखंडेबाई म्हणाल्या, "जाऊ द्या मावशी. पुण्यवान जीव व्हता. आयुष्यच तेवढं घेऊन आलतं."

"आयुष्य लय व्हतं त्याला," सासूबाई म्हणाल्या. "म्या खाऊ दिलं न्हाई. दर म्हयन्याला उपाशी ठिवलं, म्हून मेलं. तुमी सगळ्या बघत व्हत्या."

एकीनं विषय बदलायला नारळाचं काही काढलं.

"ऐकून घ्या," सासूबाई म्हणाल्या. "आपआपल्या गावाकडं सांगा. कुनी ससा पाळला तर त्याला उपाशी ठिवू ने. हराळी घालावी. देवाला वाह्यली न्हाई तरी चालंल."

मग त्यांनी दाराकडे मान वळवून मला हाक मारली. मी कप हातात घेऊन बाहेर आले. सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या.

"माजं सांगून झालं," सासूबाई म्हणाल्या. "तुजं तू सांग."

मी तेव्हा अडखळत सांगितलं. इथं नीट लिहिलं आहे.